विधवेने फुगडी घालायची नाही, हे कुणी ठरवलं?

हे गेले त्याला या आषाढात चार वर्षं झाली. दिवसकार्य आटोपलं, पाहुणे पांगले आणि मग हळूहळू लक्षात आलं, की मला आता कुणी हातच लावत नाही. मनात वाईट कुणाच्याच नव्हतं. शेजारणी डबा आणून द्यायच्या, "काळजी घ्या हं वहिनी" म्हणायच्या आणि दारातूनच परत जायच्या. मुलगा बंगळुरूला. वर्षभरात माझा हात कुणी हातात घेतला असेल, तर रक्त तपासायला आलेल्या मुलीने.

पुढच्या श्रावणात सोसायटीच्या गच्चीवर मंगळागौरीच्या खेळांची तालीम सुरू झाली. आधी मीही त्या गटात होते. आता झिम्म्याच्या टाळ्या घरात बसून ऐकायच्या. लग्नानंतर पाच वर्षं नव्या नवरीने करायची ही पूजा, सगळा सवाष्णींचा मान. तिथे माझं काय काम? शेवटी साठी ओलांडलेल्या एक काकू घरी आल्या. म्हणाल्या, "पूजेचं पूजेपाशी. तू खेळायला चल, मला फुगडीला जोडीदारीण नाहीये."

फुगडी घातलेल्या बाईला सांगायला नको. पायाला पाय जुळवायचे, हातांची अढी घालायची आणि अंग मागे झोकून द्यायचं. आपला भार समोरचीच्या हातात, तिचा आपल्या. एकीने जरी अंग चोरलं तरी फुगडी रंगत नाही. मी पहिल्यांदा चोरलं. काकू थांबल्या, माझी मनगटं घट्ट धरली आणि म्हणाल्या, "सोड अंग. मी आहे ना." मग गच्ची फिरली, टाकी फिरली, तोंडातून आपोआप 'फू फू' सुरू झालं आणि थांबलो तेव्हा मी हमसाहमशी रडत होते. सगळ्यांसमोर. दहाव्यालासुद्धा मी अशी रडले नव्हते.

त्या रात्री गोळी न घेता झोप लागली. (डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणी गोळ्या बंद करू नका. मीही नंतर विचारूनच कमी केल्या.)

कोलकात्याची 'संवेद' ही संस्था २००४ पासून हेच काम करते आहे. देहव्यापारातून सुटलेल्या मुलींना ती नृत्यातून सावरायला मदत करते. ज्या शरीरावर अत्याचार झाला, ते पुन्हा आपलं वाटायला नुसतं बोलणं पुरत नाही, हे तिथल्या लोकांनी ओळखलं. माझं दुःख त्या मुलींच्या दुःखाएवढं नाही, पण अंगात गोठून बसलेलं काहीतरी अंग हलल्यावरच सुटतं, हे मला पटलंय.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. फार मोठं काम केलं त्या गावाने. पण बांगड्या राहिल्या म्हणून बाईला रिंगणात जागा मिळते असं नाही. "नवरा गेला आणि ही नाचते" हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय, तेही बायकांच्याच तोंडून. बायांनो, नाचते म्हणजे मी त्यांना विसरले असं नाही. ते असताना पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचे.

समोरच्या इमारतीत एक मुलगी आहे, पस्तिशीची. तिचा नवरा फेब्रुवारीत गेला. परवा जिन्यात भेटली, तर ओढणीच्या टोकाशी चाळा करत खाली बघत उभी राहिली. मंगळवारी तालीम आहे. मी संध्याकाळी तिच्याकडे जाणार आहे, आणि दारातून परत येणार नाही.