‘एल्डन रिंग’ फक्त पट्टीच्या खेळाडूंसाठी? नाही पटलं

‘एल्डन रिंग’ या व्हिडिओ गेमला समीक्षकांनी डोक्यावर घेतलं, पण तो सामान्य खेळाडूंसाठी नाहीच, हे तुमच्या लेखातलं मत पटलं नाही. गेम अवघड आहे, मान्य. ‘सोपा’ असा पर्यायच गेमचे दिग्दर्शक मियाझाकींनी ठेवलेला नाही. पण सुरुवातीचा बॉस (मोठा शत्रू) मार्गिट पुनःपुन्हा लोळवत असेल तर त्याचा नाद सोडा ना! घोडा दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुला या सोप्या भागाकडे वळवा, लेव्हल वाढवा, तलवार सुधारा, सोबतीला आत्मे बोलवा आणि मग या परत. आमच्या कॉलेज रोडच्या गेमिंग कॅफेत ‘डार्क सोल्स’ला (याच कंपनीच्या आधीच्या अवघड गेमला) हात न लावणारी पोरं याला चिकटली ती याच मोकळ्या रानामुळे.

खरी तक्रार वेगळी आहे, तिचा लेखात उल्लेखही नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये गेम आला तेव्हा पीसीवर तो अडखळत चालायचा. स्टीम या पीसी गेम विकणाऱ्या साइटवर खेळाडू वैतागले होते, आणि समीक्षक मात्र भरभरून गुण वाटत होते. उत्तरार्धात तेच तेच बॉस पुन्हा समोर येतात, त्याकडेही बऱ्याच जणांनी कानाडोळा केला.

तरी २०२२ चा ‘गेम ऑफ द इयर’ त्याला मिळाला, तो योग्यच. (त्याच स्पर्धेतल्या ‘गॉड ऑफ वॉर’ गेमचे चाहते आता भांडायला येतील, या खुशाल.)

— एक वाचक, नाशिक