आलात म्हणजे संमती दिलीत?

व्यावसायिक परिषदेहून परतले आणि दुसऱ्याच दिवशी आयोजकांच्या लिंक्डइन पानावर माझा जवळून टिपलेला फोटो नावासकट झळकला, तोही या वर्षात तिसऱ्यांदा. नोंदणीच्या अर्जात, प्रवेशद्वारावर किंवा उद्घाटनाच्या निवेदनात छायाचित्रणाविषयी एक ओळही नव्हती. तक्रार केल्यावर मात्र ‘तुम्ही आलात म्हणजे संमती दिलीतच’ असे ऐकवण्यात आले. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमती मुक्त, विशिष्ट आणि निःसंदिग्ध असावी असे सांगतो, आणि परदेशांतील कित्येक तांत्रिक परिषदांत फोटो नको असणाऱ्यांना ओळखपत्रासाठी वेगळ्या रंगाची फीत मिळते. छळणाऱ्या नवऱ्यापासून ठावठिकाणा लपवून राहणाऱ्या बाईने परिषदांना यायचेच नाही का? दुसऱ्या रंगाच्या फितीला असा कितीसा खर्च येतो?