'नर पोपटच घ्या, मादी चावते' म्हणे!

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. नर पोपट प्रेमळ आणि बोलका, मादी चावरी आणि मुकी, म्हणून दुकानात पिल्लू घेताना नरच मागा. अहो पण कुठला पोपट? साडेतीनशेच्या वर जाती आहेत आणि सगळ्यांना एकच नियम?

बोलण्याचं आधी घेतो, कारण त्यात थोडं तथ्य आहे. बजी (छोटा, रंगीत पाळीव पोपट) आणि कॉकाटील (तुरेवाला छोटा पोपट) यांच्यात नरच जास्त बडबडतो, शिट्ट्या मारतो, मादीला पटवायचं असतं ना. पण आफ्रिकन ग्रे या राखाडी पोपटात नर-मादी दोघंही सारखेच बोलतात, तिथे हा नियम संपला.

आता चावणं. बजीची मादी जोरात चावते, मान्य, ढोली कोरून घरटं तयार करायचं काम तिचं असतं, त्यामुळे चोच सतत चालू. लव्हबर्ड या छोट्या पोपटाची मादीपण स्वतःच्या जागेबद्दल कडक. पण कोकाटूत (तुरेवाला मोठा पोपट) बरोबर उलटं, पिंजऱ्यात नराने स्वतःच्या मादीवर हल्ला करून तिला मारून टाकल्याचे प्रकार पक्षी पाळणाऱ्यांना चांगले माहितीयेत. घ्या नर!

आणि अचानक चावायला लागलेल्या पक्ष्याचं कारण बऱ्याचदा आपल्याच हॉलमध्ये असतं. पुण्यात डिसेंबरात दिवस जेमतेम ११ तासांचा, पण पिंजरा टीव्हीशेजारी आणि ट्यूबलाइट रात्री साडेअकरापर्यंत चालू, म्हणजे पक्ष्याचा दिवस १६ तासांचा झाला, त्यात रोज मऊ खाणं भरपूर, झोपायला म्हणून आत खोका ठेवलेला, आणि आपण लाडाने पाठीवरून हात फिरवतोय, त्याला वाटणारच की विणीचा हंगाम आला, मग नर असो की मादी, हात आत घातला की चावणार. खोका काढा, कुरवाळायचं तर फक्त डोक्यावर, आणि रात्री १०-१२ तास अंधार द्या.

'दुकानात नर मागा' हा तर कहर आहे. बजीच्या पिल्लांची नाकं दोघांचीही गुलाबीसर, मोठेपणी नराचं निळं होतं, पण लाल डोळ्यांच्या पांढऱ्या आणि पिवळ्या बजीत नराचंही गुलाबीच राहतं. आफ्रिकन ग्रेला तर डीएनए टेस्टच लागते, पिसावरून होते. 'नरच आहे साहेब' हे दुकानदार कशाच्या जोरावर सांगतो? इक्लेक्टस जातीचा पोपट तेवढा सोपा, नर हिरवा, मादी लाल, इतका फरक की पूर्वी दोन वेगळ्या जाती समजायचे. आपला देशी हिरवा पोपट नर असो की मादी, १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार घरात ठेवताच येत नाही, त्यामुळे नराच्या गळ्याभोवती कंठी फुटायची वाट बघायचा प्रश्नच नाही.

नर-मादी माहीत असण्याचा खरा उपयोग तब्येतीसाठी. एकटी मादीसुद्धा अंडी घालते, आणि ती पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसून जोर करताना दिसली तर अंडं अडकलेलं असू शकतं, घरगुती उपाय करत बसू नका, पक्ष्यांच्या डॉक्टरकडे त्याच दिवशी न्या.