हंगेरीचे मूकपट म्हणजे नुसतं ‘चित्रित नाटक’?

सिनेमावेड्यांमध्ये सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. त्याचं सार असं: हंगेरीचे मूकपट म्हणजे कॅमेऱ्यापुढे मांडलेलं नाटक. रंगमंचावरचे नट हातवारे करायचे आणि कॅमेरा ते टिपायचा. माल टाकाऊ होता म्हणून टिकला नाही. आणि ‘कासाब्लांका’चे दिग्दर्शक मायकल कर्टिझ, निर्माते-दिग्दर्शक अलेक्झांडर कोर्डा, पडद्यावरचा ड्रॅक्युला बेला लुगोसी ही हंगेरीत जन्मलेली मंडळी घडली ती देश सोडल्यावर.

नट नाटकवाले होते, हे कबूल. कोलोझ्वारच्या (आजचं रुमानियातलं क्लुज) नाट्यगृहाचे संचालक येनो यानोविच यांनी 1913 पासून आपल्याच नटसंचाला घेऊन चित्रपट काढले. पण नट नाटकातला म्हणून चित्रपटही नाटक, हे कुठलं गणित? यानोविच यांच्यासाठी मिहाय केर्तेस यांनी, म्हणजे पुढच्या मायकल कर्टिझनी, दिग्दर्शित केलेला 1915 चा ‘अ तोलोंत्स’ घ्या. मूळ नाटक एकोणिसाव्या शतकातलं, गाण्यांनी भरलेल्या लोकनाट्याच्या वळणाचं. आपल्या संगीत नाटकातली पदं आणि संवाद दोन्ही काढून टाका आणि मग प्रयोग लावा, तशी ही अवस्था. नुसतं नाटक टिपून भागणारच नव्हतं.

गोष्ट साधी आहे. खेड्यातली एक मुलगी शहरात मोलकरीण म्हणून जाते, तिच्यावर चोरीचा आळ येतो. इकडे तिची आई तुरुंगातून सुटते. मुलीच्या भूमिकेत लिली बेर्की, आईच्या भूमिकेत मारी यासाई. यासाई म्हणजे बुडापेस्टच्या राष्ट्रीय नाट्यगृहाची शोकनायिका, जन्म 1850 चा. पल्लेदार स्वगतांवर हयात गेलेल्या बाईकडून इथे आवाजच काढून घेतला. हाती उरला चेहरा आणि थकलेलं शरीर. नाटकातल्या अभिनेत्रीला नाटकाबाहेर काढणं म्हणतात ते हे.

गंमत म्हणजे नाटक आणि सिनेमा यांची खरोखरची सरमिसळ त्या काळी झाली होती, पण ती या मजकुरात कुठेच नाही. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे बुडापेस्टमध्ये ‘स्केच’ नावाचा प्रकार लोकप्रिय होता. थोडी गोष्ट पडद्यावर घडायची, मग तेच नट प्रत्यक्ष रंगमंचावर येऊन पुढची गोष्ट बोलून करायचे, आणि पुन्हा पडदा. याला ‘चित्रित नाटक’ म्हणणाऱ्यानं तो प्रकार समजूनच घेतलेला नाही. उलट दोन्ही कला कुठे जोडायच्या आणि कुठे तोडायच्या, याचा हा उघड प्रयोग होता. मला तर आजही तो धाडसी वाटतो.

‘टाकाऊ म्हणून टिकले नाहीत’ हा दावा फार वेळ घेण्यासारखा नाही. त्या काळची नायट्रेट फिल्म झटकन पेट घ्यायची आणि सांभाळली नाही तर कुजायची. खेळ संपले की फिल्ममधली चांदी काढून घेण्याचा धंदा जगभर चालायचा. त्यात दोन महायुद्धं. दर्जा बघून आग लागत नसते. आपल्याकडचेही बहुतेक मूकपट गेलेच की! ‘अ तोलोंत्स’सुद्धा कित्येक दशकं हरवलेलाच धरला जायचा. मग न्यूयॉर्कमधल्या एका हंगेरियन संस्थेच्या तळघरात त्याची प्रत निघाली. ती दुरुस्त झाली आणि तो पुन्हा पडद्यावर आला.

आता परदेशात घडलेली माणसं. केर्तेस 1912 पासून चित्रपट करत होते, 1913 मध्ये डेन्मार्कला जाऊन त्यांनी काम पाहिलं, आणि 1919 मध्ये देश सोडला तेव्हा त्यांच्या नावावर डझनावारी चित्रपट होते. कोर्डांनी 1917 मध्ये यानोविच यांची कॉर्विन ही चित्रपट कंपनी घेऊन ती बुडापेस्टला हलवली. 1919 च्या कम्युनिस्ट क्रांतीच्या उलथापालथीत ही मंडळी बाहेर पडली. कारण राजकारणाचं होतं, कला शिकायला कुणी गेलं नव्हतं.

राहता राहिले लुगोसी. ते राष्ट्रीय नाट्यगृहाचे नट. 1917 मध्ये ‘अरिस्तिद ओल्ट’ या नावानं मूकपटात उतरले. आणि ज्या ड्रॅक्युलाच्या जोरावर त्यांना हॉलिवूडचं अपत्य म्हटलं जातं, ती भूमिका त्यांनी 1927 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर केली होती. चित्रपट आला 1931 मध्ये. म्हणजे तिथेही आधी नाटकच.