मारियोच्या गमती सांगा, पण कारणासकट सांगा

मारियो म्हणजे निन्टेन्डो कंपनीच्या व्हिडिओ गेमचा नायक. त्याच्यावरच्या 'तुम्हाला हे माहीत आहे का?' छापाच्या पोस्ट सारख्या डोळ्यांसमोर येतात आणि बहुतेक सगळ्या अर्ध्यावरच थांबतात. निन्टेन्डोच्या अमेरिकेतल्या गोदामाच्या मालकाचं नाव मारियो सेगाले, म्हणून हा मारियो. केस नीट दाखवता येईनात म्हणून टोपी, मोजक्या पिक्सेलमध्ये तोंड उठून दिसेना म्हणून मिशा. हे सगळं खरं आहे आणि निदान त्यात 'का' तरी येतं.

बिघडतं ते विटांच्या गोष्टीत. "मारियो फोडतो ती प्रत्येक वीट म्हणजे शापित नागरिक, म्हणजे मारियोच खुनी!" हे इतक्या वेळा शेअर झालंय की लोक ते डोळे झाकून खरं मानतात. १९८५ च्या 'सुपर मारियो ब्रदर्स'च्या इंग्रजी मॅन्युअलमध्ये मशरूम राज्यातले लोक जादूने दगड, विटा आणि झुडपं झाले असं लिहिलंय, हे बरोबर. पण त्याच मॅन्युअलमध्ये पुढे म्हटलंय की विटा झालेले किंवा अदृश्य झालेले हे लोक भेटले, तर बक्षीस म्हणून मारियोची ताकद वाढवतात. म्हणजे विटेला धक्का दिल्यावर जे मशरूम बाहेर येतं, ते त्या लोकांनी दिलेलं बक्षीस! खुनी ठरवायला निघालेल्या माणसाने पुढचं वाक्य वाचलं असतं तर पोस्टच लिहिली नसती.

माझं म्हणणं एवढंच आहे की या मालिकेतली कुठलीही गंमत 'का'शिवाय सांगितली तर तिच्यात काही उरत नाही. अख्खा पहिला गेम ४० किलोबाइटमध्ये बसवलाय. ढग आणि झुडपं एकच चित्र आहे, फक्त रंग बदललेत, हे आता सगळ्यांना माहीत झालंय. गुम्बाचं, म्हणजे मशरूमसारख्या दिसणाऱ्या छोट्या शत्रूचं, चालणं मात्र कुणी सांगत नाही. तो अगदी शेवटी गेममध्ये आला, तोवर जागा जवळजवळ संपली होती, म्हणून त्याचं एकच चित्र आलटूनपालटून आरशासारखं उलटं केलंय. पाय हलतायत असं आपल्याला वाटतं. मला हे मिशीच्या गोष्टीपेक्षा कितीतरी जास्त आवडतं.

आता मायनस वर्ल्ड, म्हणजे पडद्यावर '-१' असं नाव दिसणारी लेव्हल. (१-२ म्हणजे पहिल्या वर्ल्डची दुसरी लेव्हल.) '१-२ च्या शेवटी भिंतीतून आरपार गेलात की गुप्त लेव्हल लागते', इतकंच सगळे सांगतात. गुप्त वगैरे काही नाही, कुणी ती लपवून ठेवलेली नाही. वॉर्प झोनमध्ये, म्हणजे पाइपमधून थेट पुढच्या वर्ल्डमध्ये जाता येतं त्या जागी, कुठल्या पाइपवर कुठला आकडा दाखवायचा आणि तो कुठल्या वर्ल्डमध्ये नेतो याची गेममध्ये एक छोटी यादी आहे. १-२ मधल्या झोनसाठी ४, ३, २. दुसऱ्या एका झोनमध्ये एकच पाइप आहे, तो पाचव्या वर्ल्डमध्ये नेतो. तिथे यादीत मधे ५ आणि दोन्ही बाजूंना रिकामी जागा हवी. या गेममध्ये पडद्यावरचं चित्र छोट्या चौकोनांनी बनतं आणि रिकाम्या चौकोनाचा क्रमांक आहे ३६. म्हणून यादीत ३६, ५, ३६ असं लिहिलंय.

तुम्ही भिंतीतून घुसून स्क्रीन पुरता सरकायच्या आत पाइपमध्ये शिरलात, की १-२ ची यादी अजून लागलेली नसते आणि गेम ही दुसरी यादी वापरतो. मधल्या पाइपने गेलात तर सरळ ५-१. डावीकडच्या किंवा उजवीकडच्या पाइपने गेलात तर गेम तुम्हाला ३६ व्या वर्ल्डमध्ये पाठवतो. असं वर्ल्ड कुणी बनवलेलंच नाही, म्हणून मेमरीत पुढे जे सापडेल त्यालाच तो लेव्हल समजतो आणि ७-२ सारखी पाण्याखालची लेव्हल उघडतो. तिच्या शेवटचा पाइप परत सुरुवातीला आणून सोडतो, म्हणून ती संपत नाही. आणि वर्ल्डचा आकडा दाखवताना ३६ क्रमांकाचा चौकोन काढला जातो, म्हणजे रिकामा. उरतं '-१'. वजाचं चिन्ह म्हणून आपण जे वाचतो ती वर्ल्ड आणि लेव्हल यांच्यामधली नेहमीचीच आडवी रेघ आहे! जपानमधल्या डिस्क आवृत्तीत हीच युक्ती केली तर वेगळ्याच तीन लेव्हल लागतात आणि त्या पूर्णही करता येतात, कारण तिथे मेमरीत त्या जागी वेगळा डेटा येतो.

आता हे वाचून सांगा, 'गुप्त लेव्हल' जास्त भारी की रिकाम्या जागेचा क्रमांक पत्ता म्हणून वाचला गेला हे?

३-१ मध्ये कासवावर उड्या मारून जीव वाढवायची युक्ती अशीच. १२७ च्या पुढे गेलात की पुढच्याच मरणाला गेम ओव्हर, कारण त्यानंतरचा आकडा गेमला ऋण वाटतो. लेव्हलच्या शेवटचे फटाके नशिबावर नसतात. घड्याळाचा शेवटचा अंक १, ३ किंवा ६ असेल तर तेवढे फुटतात, नाहीतर एकही नाही.

उलट्या बाजूचं उदाहरणही सांगायलाच हवं, कारण तिथे लोक नको इतकं ठामपणे 'का' सांगतात. २०१३ मध्ये 'सुपर मारियो ६४'च्या एका स्पीडरनरचा (गेम कमीत कमी वेळात संपवणाऱ्या खेळाडूचा) मारियो टिक टॉक क्लॉक लेव्हलमध्ये अचानक कितीतरी वर फेकला गेला. पॅननकोक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळाडूने हे पुन्हा करून दाखवणाऱ्याला १००० डॉलर देऊ केले. खेळता खेळता कुणालाच जमलं नाही. पण मारियोच्या उंचीच्या आकड्यात एकच बिट (मेमरीतलं एक ० किंवा १) बदलला, म्हणजे मेमरीतल्या सांकेतिक रूपात सी५८३७८०० चं सी४८३७८०० केलं, की हुबेहूब तेच घडतं. मी ते आकडे उलगडून पाहिले. पहिला आहे उणे ४२०७, दुसरा उणे १०५१.७५, म्हणजे बरोबर पाव. उंची शून्याखालची असल्यामुळे पाव झाली की मारियो वर जातो. इतकं चोख जुळलेलं पाहून मला फार आनंद झाला.

पण त्यावरून 'अंतराळातल्या कणाने गेम जिंकवला' असे मथळे झाले, ते मला पटत नाहीत. बिट पलटला हे अतिशय पटण्यासारखं आहे. तो कशाने पलटला याचा पुरावा नाही. कॉस्मिक किरण ही एक शक्यता, जुन्या हार्डवेअरचा दोष ही दुसरी. 'शक्यता' हा एक शब्द टाकायला काय हरकत आहे?

तसंच त्याच गेममधल्या अंगणातल्या पुतळ्याखालच्या धूसर पाटीचं. तिच्यावर 'एल इज रिअल २४०१' लिहिलंय असं मानून लोकांनी वर्षानुवर्षं लुइजीला, म्हणजे मारियोच्या भावाला, शोधलं ('एल' म्हणजे लुइजी). जुलै २०२० मध्ये निन्टेन्डोच्या जुन्या फाइल फुटल्या आणि त्यात लुइजीच्या मॉडेलचे भाग खरंच निघाले. गेम आला त्या जून १९९६ पासून २४ वर्षं १ महिना, म्हणून २४०१, असं लगेच जोडलं गेलं. तो योगायोग आहे आणि तसाच सांगावा. तेच धूसर चित्र निन्टेन्डोच्याच १९९८ च्या 'ऑकरिना ऑफ टाइम' या वेगळ्या गेममध्येही वापरलंय आणि तिथे लुइजीचा काय संबंध? खरी गोष्ट साधी आहे: दोघांनी मिळून खेळायची सोय करायची होती, मेमरी पुरली नाही, लुइजीला काढावं लागलं.

तुमच्याकडे अशी एखादी गंमत असेल तर कॉमेंटमध्ये जरूर टाका. फक्त गेमची कुठली आवृत्ती, जपानी की अमेरिकन, कार्ट्रिज की डिस्क, तेवढं लिहा. मायनस वर्ल्डवरून झालेले अर्धे वाद दोन वेगळ्या आवृत्त्या खेळलेल्या माणसांमधले असतात.