‘कायदा सारखाच आहे, मग बायकांना अडवतंय कोण?’

‘कायदा सगळ्यांना सारखाच आहे. उलट बायकांना सवलतीच जास्त. ज्यांच्यात जिद्द होती त्या मोठ्या झाल्याच. बाकीच्यांना जोखीम नको असते, एवढंच.’

उद्योगात स्त्रिया कमी का, याचं उत्तर म्हणून हा चार वाक्यांचा मजकूर हातोहात पुढे पाठवला जातो. पाठवणाऱ्यांत खोडसाळ माणसं थोडी आणि मनापासून असंच वाटणारी जास्त आहेत. त्यांच्यासाठी एकेक वाक्य घेऊन उत्तर देतो आहे.

कायदा सगळ्यांना सारखाच आहे.

कुठे आणि कधीपासून, हे विचारायला हवं. फ्रान्समध्ये विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या संमतीविना बँकेत खातं उघडण्याचा आणि व्यवसाय करण्याचा हक्क १९६५च्या कायद्याने मिळाला. स्पेनमध्ये नवऱ्याच्या परवानगीची अट १९७५मध्ये गेली. काँगो लोकशाही प्रजासत्ताकात ती २०१६पर्यंत कुटुंब कायद्यात होती. हा जुना इतिहास नव्हे. परवानगी मागावी लागलेल्या बायका आजही हयात आहेत. जागतिक बँकेच्या २०२४च्या अहवालाप्रमाणे सुरक्षितता आणि बालसंगोपन धरून मोजलं, तर जगभरात स्त्रियांना पुरुषांच्या तुलनेत सरासरी ६४ टक्केच कायदेशीर हक्क आहेत. आणि हे झाले कागदावरचे हक्क. ते अमलात आणायला लागणारी यंत्रणा सरासरी ४० टक्केही उभी नाही.

तरी समजा, एखाद्या देशात कायदा खरोखरच समान आहे. पण कायदा बदलला म्हणून जमिनीच्या कागदावरचं नाव बदलत नाही. कर्ज तारणावर मिळतं आणि तारण म्हणजे बहुतेक वेळा घर किंवा जमीन. ती पिढ्यान्‌पिढ्या बापाकडून मुलाकडे गेलेली असते. अजूनही कित्येक देशांत मुलीला मुलाइतका वारसा मिळत नाही. मग बाई कर्ज मागायला जाते तेव्हा तिच्याकडे गहाण ठेवायला काही नसतं, आणि आधीचं घरचं कर्ज नवऱ्याच्या नावावर असल्यामुळे तिच्या फेडीची नोंदही नसते. यात बँकेतल्या कुणी तिच्याशी मुद्दाम वाईट वागायची गरजच पडत नाही. नियम सगळ्यांना सारखा लावला तरी ती बाहेर राहते. मग जामीनदार म्हणून नवरा किंवा भाऊ सही करतो. पुढे नात्यात बिनसलं तर ती सहीच धंद्याच्या गळ्याशी येते.

मला सगळ्यात जास्त टोचते ती घरच्या धंद्यातल्या बाईची गोष्ट. वीस वर्षं हिशेब तिने लिहिला, माल तिने मोजला, उधारी तिने वसूल केली. भागीदारीच्या कागदावर मात्र तिचं नाव नाही आणि पगार कधी लावलेला नाही. घटस्फोट झाला किंवा दिरांनी वाटणी मागितली की ती उद्योजक होती हे सिद्ध करणारा एकही कागद तिच्या हातात नसतो. तिच्याबाबत कायदा सारखाच लागू होतो आणि कागद नसल्यामुळे निकाल तिच्या विरुद्ध जातो.

उलट बायकांना सवलतीच जास्त.

एकच उदाहरण पुरेल. अमेरिकेत केंद्र सरकारच्या खरेदी कंत्राटांपैकी ५ टक्के रक्कम स्त्रियांच्या मालकीच्या लहान उद्योगांना जावी, असं उद्दिष्ट १९९४मध्ये कायद्याने ठरलं. ते पहिल्यांदा गाठलं गेलं २०१५मध्ये. पाच टक्क्यांसाठी एकवीस वर्षं लागली. सवलतीसाठी बायकोला कागदावरची मालकीण करून धंदा स्वतः चालवणारे नवरेही असतात. तो फायदा स्त्रियांच्या खात्यात मोजू नये.

ज्यांच्यात जिद्द होती त्या मोठ्या झाल्याच.

शॅम्पेनच्या धंद्यात मोठं नाव कमावलेली बार्ब-निकोल क्लिको हिची जिद्द वादातीत आहे. पण ‘व्हव क्लिको’ या तिच्या फ्रेंच कंपनीच्या नावातला ‘व्हव’ हा शब्द पाहा. त्याचा अर्थ विधवा. फ्रान्समध्ये नेपोलियनच्या १८०४च्या नागरी कायद्यानुसार विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या संमतीशिवाय करार करता येत नव्हता, विधवेला येत होता. १८०५मध्ये, ती सत्तावीस वर्षांची असताना, तिचा नवरा वारला आणि तिने धंदा हाती घेतला. तिच्याइतक्याच हुशार, तितक्याच जिद्दी, पण नवरा हयात असलेल्या बायकांना तो मार्ग मोकळा नव्हता. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. गाजलेल्या दोन-चार नावांवरून दार उघडं होतं असं म्हणताना, दाराबाहेर राहिलेल्यांची मोजणी कुणी केलेलीच नसते.

बाकीच्यांना जोखीम नको असते.

हे वाक्य सगळ्यात पटणारं वाटतं, कारण सावध बाई आपण सगळ्यांनी पाहिलेली असते. पण ती सावध का असते? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८च्या अहवालानुसार बिनपगारी घरकाम आणि सांभाळण्याच्या कामातले ७६ टक्के तास स्त्रिया देतात. धंदा बुडाला तर पुरुषाबद्दल ‘नशीब फिरलं’ म्हणतात, बाईबद्दल ‘घर सोडून हे कशाला करायला गेली’ म्हणतात. एकाच जोखमीची किंमत दोघांना वेगवेगळी मोजावी लागते. महाग पडणारी गोष्ट माणूस कमी घेतो. त्याला स्वभाव म्हणणं अन्यायाचं आहे.

आणि जी जोखीम घेते, तिचं काय होतं? बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुप या सल्लागार कंपनीने २०१८मध्ये मांडलेल्या पाहणीत स्त्री संस्थापक असलेल्या नवउद्योगांना सरासरी ९ लाख ३५ हजार डॉलर भांडवल मिळालं होतं, पुरुषांच्या उद्योगांना २१ लाख. मिळालेल्या प्रत्येक डॉलरमागे स्त्रियांच्या उद्योगांनी ७८ सेंट महसूल कमावला, पुरुषांच्या उद्योगांनी ३१.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका संशोधनात न्यूयॉर्कच्या नवउद्योगांच्या स्पर्धेत गुंतवणूकदारांनी काय विचारलं, हे तपासलं गेलं. पुरुषांना बहुतेक प्रश्न वाढीचे होते: गिऱ्हाईक कसं वाढवणार, बाजार किती मोठा होईल. स्त्रियांना बहुतेक प्रश्न बचावाचे: आहे ते गिऱ्हाईक टिकेल का, तोटा कसा टाळणार. बचावाचा प्रश्न आला की उत्तरही बचावाचंच निघतं, आणि ऐकणारा मनात नोंद करतो की हिला जोखीम नको आहे. असे प्रश्न विचारणाऱ्यांत गुंतवणूकदार स्त्रियाही होत्या, म्हणून केवळ दोन बायका समितीवर बसवून हे सुटणार नाही. प्रश्नांची यादी आधी लिहून ठेवावी आणि समोर कुणीही आलं तरी तीच विचारावी. याला ना नवा कायदा लागतो, ना सवलत.