पश्चिमेस हत्ती

विहीणबाई निवृत्तीनंतर चित्रं काढायला लागल्या तेव्हा आम्हाला आनंदच झाला होता. पण गेल्या महिन्यात गंगापूर रोडवरच्या एका कलादालनात त्यांची तीन चित्रं लागली आणि आदल्या रात्री लेकीचा फोन आला.

"बाबा, उद्या नुसतं 'छान' म्हणू नका. मागच्या वेळचं तुमचं 'छान' आईंना फार लागलंय."

"मग काय म्हणू?"

"चित्राबद्दल काहीतरी बोला ना."

आता आम्हा नाशिककरांना चित्र म्हणजे गोदाघाट. शिवाजी तुपे यांची जलरंगातली चित्रं बघत आमची नजर तयार झालेली. नारोशंकराचं देऊळ, पाण्यात त्याची सावली, काठावर छत्र्या. त्यात अर्थ कसला लावायचा? फार तर 'ऊन काय पडलंय!' म्हणायचं, आणि ते खरंच पडलेलं असतं.

चित्राचं नाव 'सर्कस – ३' असल्याचं लेकीनं सांगून ठेवलं होतं, म्हणून रात्री जागून अभ्यास केला. जॉर्ज स्युरा नावाच्या फ्रेंच चित्रकारानं सर्कस रंगवायला घेतली आणि ती पुरी व्हायच्या आत, १८९१ मध्ये, तो गेलाच. सगळं चित्र ठिपक्याठिपक्यांचं, पण पांढरा घोडा घोड्यासारखा आणि त्याच्यावर उभी असलेली बाई बाईसारखी. पिकासोच्या १९०५ च्या चित्रात सर्कशीतली माणसं ओसाड माळावर नुसतीच उभी आहेत, पण आहेत. मी मोजली, सहा. म्हटलं, एवढंच असेल तर जमेल. शांत झोपलो.

सकाळी चित्रासमोर उभा राहिलो. चार बाय पाच फुटांचा कॅनव्हास. मधोमध तांबडं वर्तुळ, तेही पुरतं न मिटलेलं. वरून तिरका आलेला पिवळा पट्टा. उजवीकडे काळ्या रेघांचा गुंता, संक्रांतीनंतर मांजा सोडवायचा कंटाळा केल्यासारखा. डावीकडे खाली राखाडी ढिगारा. संपलं. पुराचं पाणी कुठवर चढलंय हे आपल्याला दुतोंड्या मारुतीवरून कळतं. कमरेला लागलं, छातीला लागलं. या चित्रात मारुतीच नव्हता.

विहीणबाई हाताची घडी घालून शेजारी उभ्या. पलीकडे राखाडी सफारीतले व्याही भिंतीला टेकून, गप्प. आमच्या सौभाग्यवतींनी "अहो, केवढा रंग लागला असेल नाही!" एवढंच विचारलं आणि विहीणबाई खुलल्या. ट्यूबा किती, कुठून आणल्या, एक ट्यूब पदराला कशी लागली, सगळं झालं. ही सुटली, अडकलो मी.

माझी हयात मोजणी खात्यात गेली. नकाशा दिसला की हात आपोआप चतुःसीमा लिहायला लागतो. मधली जागा कोणाची, ते आधी ठरवलं. म्हटलं, "हे सर्कशीचं रिंगण. लंडनच्या फिलिप अ‍ॅस्टलीनं ते बेचाळीस फूट व्यासाचं ठरवलं. घोडा गोल पळत असला की पाठीवर उभ्या माणसाला तोल सांभाळणं सोपं जातं. आपल्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये..."

"ते रिंगण नाहीये," विहीणबाई म्हणाल्या. "तो प्रेक्षकांचा रोखलेला श्वास आहे."

मी व्यासासकट माघार घेतली.

पिवळ्याला हात घालताना सावध होतो. सिंह म्हणणार होतो, पण वाघ-सिंहांच्या खेळांवर १९९८ च्या अधिसूचनेनं बंदी आली, आणि विहीणबाई कायद्याच्या बाहेर जाणाऱ्या नव्हेत. मग एकदम आठवलं. लहानपणी उन्हाळ्यात पंचवटीतल्या वाड्याच्या गच्चीवर आम्ही भावंडं ओळीनं झोपायचो. गावात सर्कस आलेली असली की तिचा झोत आभाळभर फिरायचा. तो आपल्या डोक्यावरून कधी जातो ते मोजत पडायचं, आणि वारा फिरला की लांबून बँडसुद्धा ऐकू यायचा. तिकिटाचे पैसे नसले तरी एवढी सर्कस फुकट असायची.

"सर्चलाइट!" मी म्हणालो.

विहीणबाईंचे डोळे भरून आले. "अगदी! आतापर्यंत कोणीच ओळखला नाही हो." लेकीनं लांबून माझ्याकडे बघून मान डोलावली. त्याच क्षणी मी 'वा' म्हणून चहाकडे वळायला हवं होतं. पण शाबासकी मिळालेला सरकारी माणूस थांबतो का? मी दोन पावलं पुढे सरकलो आणि राखाडी ढिगाऱ्यावर बोट ठेवलं.

"आणि हा पश्चिमेस हत्ती! काय बसलाय! आपला खेळ झाला, आता जगाचं काही का होईना, असं आहे बघा त्याच्या तोंडावर. पाठीवरच्या सुरकुत्या तर..."

कोणी काही बोलेना. सौभाग्यवतींनी माझ्या कोपराला चिमटा काढला.

"ते हे आहेत," विहीणबाई म्हणाल्या. "तिकिटाच्या रांगेत. लग्नानंतर पहिल्यांदा मला सर्कशीला घेऊन गेले होते, तेव्हाचे."

व्याह्यांनी सफारीची खालची गुंडी लावली.

पुढचा अर्धा तास चिवड्याच्या बशीकडे बघण्यात गेला. निघताना ते आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आले. सौभाग्यवती आत बसल्यावर मी हळूच म्हणालो, "व्याही, मनावर घेऊ नका. माझी नजर आता..."

त्यांनी मागे वळून दाराकडे पाहिलं. विहीणबाई अजून आतच होत्या.

"दोन महिने दिवाणखान्यात होतं ते," ते म्हणाले. "येणाऱ्या-जाणाऱ्याला मीपण हत्तीच सांगत होतो."